तिच्या प्रश्नाला 'नसता' म्हणू नका

प्रश्न : मी गुहागरचा बागायतदार. मुलीने दोनदा मेडिकलची 'नीट' परीक्षा दिली, नंबर लागला नाही. क्लाससाठी आगर गहाण ठेवलंय, तिला रोज आठवण करून देतो. तरी नसते प्रश्न काढते. आजोबांना लिव्हर सिरॉसिस आहे, त्यांच्या औषधाचा डोस डॉक्टरांनी कमी का केला, यावर आठवडाभर वाचत बसली. आता फार्मसी म्हणते. मेडिकलच्या दुकानात बसायला एवढं शिकवलं का? तिसऱ्यांदा नीटला बसवू ना?

उत्तर : रोज आठवण करून देता, हे वाचून पोटात कालवलं. ते आजच थांबवा. कर्ज तुम्ही काढलंत, तो निर्णय तुमचा. पेपर हातात आल्यावर त्या पोरीने प्रश्न वाचायचे की व्याज मोजायचं?

आणि तो 'नसता' प्रश्न मला तिच्या दोन्ही निकालांपेक्षा मोलाचा वाटतो. यकृताला येणारं सुमारे 75 टक्के रक्त आतड्यांकडून, म्हणजे थोडा ऑक्सिजन आधीच खर्च करून येतं. पुढे पेशींच्या रांगेतून जाताना तो आणखी घटतो. तुमच्या आगरात पाटाच्या टोकाच्या पोफळीला पाणी कमी पोचतं ना, तसं. गंमत अशी, की औषधं मोडणारी सायटोक्रोम पी-450 ही एन्झाइम्स त्या टोकाच्या पेशींतच जास्त असतात, आणि त्यांना कामाला ऑक्सिजन लागतोच. सिरॉसिसमध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली बारीक छिद्रं बुजतात. पेशींपर्यंत ऑक्सिजन नीट पोचत नाही, म्हणूनही औषध मोडणं मंदावत असावं, असा विचार संशोधकांनी मांडलाय. औषध अंगात साठू नये म्हणून डोस कमी. तुमची मुलगी नेमकी इथे येऊन थांबली होती.

फार्मसी म्हणजे दुकान, हा समज काढून टाका. दुकान ही त्यातली एक वाट, आणि तीही कमीपणाची नाही. पण औषध शरीरात कुठे जातं, किती वेळ टिकतं, यकृत बिघडलेल्या माणसाला किती द्यायचं, हे मोजणारी माणसंही याच शिक्षणातून तयार होतात. डॉक्टर डोस ठरवतात तेव्हा त्यामागे या माणसांनी केलेली मोजमापं असतात.

बी.फार्म. चार वर्षांचं, फार्म.डी. सहा, प्रवेश राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेतून. पुढे एम.फार्म.साठी जीपॅट ही परीक्षा.

आज संध्याकाळी शिंपणं झालं की तिला जवळ बसवा आणि आजोबांचा डोस का कमी केला ते तिच्याकडून समजून घ्या. मध्ये बोलू नका. तिसऱ्या नीटचा फॉर्म तिने स्वतःहून मागितला तरच भरा.