शहर वाढते तसे रस्ते एकमेकांना मिळेनासे का होतात?

पुण्याच्या पेठांतल्या गल्ल्या अरुंद असूनही तिथे कुठूनही कुठे जाता येते, मग उपनगरांत रुंद रस्ते असूनही सगळी वाहने एकाच चौकात का तुंबतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर रस्त्याच्या रुंदीत नाही. जमीन शहरात कोणत्या वाटेने आली, यात आहे.

सदाशिव पेठेत एक बोळ बंद झाला, तर दुसऱ्यातून निघता येते. एरंडवणे-शिवाजीनगर भाग वाढला तेव्हा १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातील टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, हाताशी होती. अनेकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घ्यायच्या, आधी रस्ते आखायचे आणि उरलेल्या जागेचे नीट आकाराचे भूखंड ज्याचे त्याला परत द्यायचे, अशी ती रीत. तिकडच्या पत्त्यांत आजही दिसणारा ‘एफ. पी. नंबर’ म्हणजे त्या वाटपातला अंतिम भूखंड.

पुढे शहर आसपासच्या गावांत फैलावले. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली खरी, परंतु त्याआधीच तिथली कितीतरी शेते एकेक गट, म्हणजे जमिनीचा एकेक तुकडा, अशी सुटी विकली गेली होती. प्रत्येक विकसकाने आपल्या गटापुरता लेआउट मंजूर करून घेतला, त्यातला रस्ता बांधापाशी संपला आणि शेजारच्याने तिथे सीमाभिंत घातली; सगळ्यांना बाहेर पडायला उरला तो गावाचा जुना रस्ता. विकास आराखड्यात जोडरस्त्यांच्या रेघा असतात, पण भूसंपादन एखाद्या गटावर अडले की रस्ता मध्येच तुटतो. त्यालाच ‘मिसिंग लिंक’ म्हणतात.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागूनच शाळा आहे, आणि फाटकातून वळसा घालून तिथे जायला सव्वा किलोमीटर पडतो. त्यामुळे मुलीला मी स्कूटरवरून सोडतो, म्हणजे त्या चौकातल्या गर्दीत आमचीही भर असतेच.

मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनीच सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, म्हणून आतले रस्ते एका आराखड्याने आखता आले. हे वेळेवर होणे महत्त्वाचे, कारण एकदा पडलेला रस्ता सहसा हलत नाही; पेठांतले वाडे पडून इमारती आल्या तरी बोळ बहुतेक होते तिथेच राहिले. माण-म्हाळुंगे परिसरात पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) आता पुन्हा टीपी स्कीमच हाती घेतली आहे. जिथे इमारती आधीच उभ्या आहेत, तिथे मात्र दोन सोसायट्यांच्या भिंतीत पादचाऱ्यांपुरते दार उघडून घेणे एवढेच बहुधा साधते, आणि आमच्याकडे तेही दोन वर्षे सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवरच आहे.