‘डावखुरी आहे’ म्हणून सोडून दिलेला हात

“पोरगी अकरा महिन्यांची झाली, अजून आधाराशिवाय बसत नाही. सासूबाई म्हणतात, आठव्या महिन्यात झालेली, उशीर लागणारच. उजव्या हातानं काही धरत नाही, पण ती डावखुरी आहे, आजोबांवर गेलीय. थांबून बघू का अजून थोडं? दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते.”

वस्तीत घरोघरी जाऊन लहान मुलांची फिजिओथेरपी करणाऱ्यांना हा प्रश्न थोड्याफार फरकानं रोज भेटतो. इथे घेतलेल्या घराचे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दहा बाय दहाची खोली, आई सकाळी आठ ते दोन कामावर, तोवर बाळ आजीकडे आणि आठ वर्षांच्या बहिणीकडे.

आईच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या होत्या, त्या आधी सुट्या करायला हव्यात. पहिली बसण्याची. बाळ ३३ आठवड्यांचं असताना जन्मलं, म्हणजे ४० मधून ७ आठवडे कमी. लवकर जन्मलेल्या बाळाची वाढ मोजताना हे आठवडे वयातून वजा करतात आणि दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजतात. तसं धरलं तर हिचं वय साडेनऊ महिन्यांच्या आतबाहेर येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये निरोगी मुलांच्या हालचालींचे जे टप्पे दिले, त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आहे आणि आधाराशिवाय चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. बसण्याची शेवटची मर्यादा हिनं नुकतीच ओलांडली होती. नुसता एवढाच प्रश्न असता तर आजींचं म्हणणं निम्मं तरी बरोबर ठरलं असतं. (रांगण्याचं मनावर घेऊ नये. त्याच अभ्यासात चार टक्क्यांच्या आसपास मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती आणि तरी चालली.)

दुसरी गोष्ट हाताची, आणि खरी घाई तिची होती. वर्षाच्या आतलं मूल डावखुरंही नसतं आणि उजवखुरंही नसतं. वस्तू ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात ते पुढे करतं. हात ठरायला पुढे बराच काळ जातो. म्हणून बारा महिन्यांच्या आत एकच हात चालताना दिसला, तर चालणाऱ्या हाताचं कौतुक बाजूला ठेवावं आणि न चालणाऱ्या हाताकडे बघावं. आजोबांचा डावखुरेपणा इथे लागू होत नाही.

बाळाला हात न लावता दहा मिनिटं बघितलं. चटईवर पाठीवर निजवून छातीच्या बरोबर मध्ये प्लास्टिकचं झाकण धरलं, तर पाचही वेळा डावा हात आला. झाकण उजव्या कानाजवळ नेलं तरी डावाच हात अंगावरून तिकडे गेला. उजवी मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली होती. चार महिन्यांनंतर अशी मूठ टिकून राहणं ही तपासून घेण्याची खूण आहे. काखेत धरून उभं केलं तर डावं पाऊल सपाट टेकलं आणि उजव्या पायाची फक्त बोटं टेकली. आईनं हे सगळं याआधी पाहिलेलं होतं, पण प्रत्येक गोष्ट सुटी सुटी.

पुढचं बोलणं सावकाश करावं लागतं. “काही नाही, होईल ठीक” म्हणून भागत नाही आणि दारातच आजाराचं नाव घेऊनही चालत नाही. आईला सांगितलं ते असं: “मेंदूचा जो भाग उजव्या बाजूला हलायला सांगतो, त्याला जन्माच्या आगेमागे इजा झाली असावी, अशी शंका आहे. आजाराचं नाव सांगणं डॉक्टरांचं काम. पण हाताला काम देणं आजपासून सुरू करता येतं, त्यासाठी नावाची वाट बघावी लागत नाही.” डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी दिली. बालरोगतज्ज्ञ बाळाच्या मेंदू-मज्जातंतूंची हॅमरस्मिथ नावाची २६ मुद्द्यांची, ७८ गुणांची तपासणी दहापंधरा मिनिटांत करू शकतात. मेंदूचा स्कॅन नंतरही होतो. सोबत कान, डोळे, रक्तातलं लोह आणि थायरॉईडही बघायला सांगितलं, कारण नीट न दिसणारं किंवा रक्त कमी असलेलं मूलही मंद हलतं आणि तिथे व्यायाम वाया जातो. एका फेरीत सगळं उरकलं, तर मजुरी एकदाच बुडते.

घाई का, हे घरच्यांना पटायला हवं. मेंदूपासून हातापर्यंतचे मार्ग पाऊलवाटेसारखे असतात. रोज पाय पडले तर वाट राहते, नाही पडले तर गवत माजतं. बाळाच्या मेंदूत दोन्ही बाजूंच्या वाटा जागेसाठी चढाओढ करतात. एक हात पडून राहिला की त्याच्या वाटेवर दुसरा हक्क सांगतो. पहिल्या दोन वर्षांत हे सगळ्यात जोरात चालतं, म्हणून ‘अजून सहा महिने बघू’ हा सल्ला इथे महागात पडतो.

आईनं मग तो ठरलेला प्रश्न विचारला, माझं काही चुकलं का. नाही. उशिरा कळलं यातही तिची चूक नव्हती. ती दिवसभर घराबाहेर होती आणि बाळ शांत होतं. शांत बाळाबद्दल कोणी तक्रार करत नाही, त्यामुळे ते नजरेतून सुटतं.

व्यायामाची यादी भिंतीला चिकटवण्याचा मोह आवरावा. “सकाळी वीस, संध्याकाळी वीस” लिहून दिलेला कागद चार दिवस टिकतो. त्याऐवजी आईला कालचा दिवस सांगायला लावला. बाळ कुठे होतं, कुणाच्या अंगावर, किती वेळ झोळीत? दुपारपर्यंत झोळी आणि आजीची मांडी, पुढे आईची कड. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे की वर्षाच्या आतलं मूल एका जागी तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नये, आणि न सरकणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं. इथे पालथं ठेवणं शून्य होतं, कारण फरशी गार होती आणि माणसांच्या पायात बाळ येत होतं. दाराच्या उलट कोपऱ्यात सतरंजीची चौघडी घालून जागा ठरली. छातीखाली दहाबारा सेंटिमीटर जाडीची टॉवेलची गुंडाळी, दोन्ही हात गुंडाळीच्या पुढे. रडण्याआधी उचलायचं, मग ते दोन मिनिटांत का असेना. झोपवताना मात्र पाठीवरच.

खरं काम कडेवर घेण्यात सापडलं. आई बाळाला डाव्या कडेवर घ्यायची, उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून. डाव्या कडेवर बाळाचा उजवा हात आईच्या पाठीमागे जातो आणि डावा पुढे मोकळा राहतो. म्हणजे दिवसातले तीनचार तास कमजोर हात झाकलेला. उजव्या कडेवर घेतलं की तोच हात पुढे, बाळाच्या नजरेसमोर येतो. सांगायला सोपं, पण आईचा कामाचा हात अडकतो. तोड निघाली ती अशी, की कामात असताना डावी कड आणि येता-जाता उजवी. आजीनं कायम उजवीच, कारण त्यांच्या हातात काही नसतं.

कपडे आठदहा वेळा बदलले जातात, म्हणजे तेवढे सराव फुकटात मिळतात. घालताना उजवी बाही आधी, काढताना ती शेवटी, म्हणजे कडक हात ओढला जात नाही. उचलताना दोन्ही हात धरून वर खेचायचं नाही. बाळाला उजव्या कुशीवर वळवायचं, उजव्या कोपरावर भार येऊ द्यायचा, तीन अंक मोजायचे आणि कमरेला धरून वर आणायचं. तो भार हाच व्यायाम. पाय धरून सायकल चालवण्याची घरोघरी मोठी हौस असते. त्यानं सांधे हलतात, पण मेंदू काही शिकत नाही, कारण हालचाल आईची असते.

बसवण्यात पहिली चूक उशांची झाली. चारी बाजूंनी उशा लावल्या आणि बाळ त्यात पाठीचं धनुष्य करून रुतलं. उशा सगळा भार घेतात, मग पाठीला कामच राहत नाही. उशा काढल्या. ढुंगणाखाली मागच्या बाजूला दोनतीन सेंटिमीटरची टॉवेलची घडी दिली की कंबर पुढे कलते आणि पाठ सरळ होते. आधार छातीला द्यायचा नाही, दोन्ही हातांनी फक्त कमरेला द्यायचा. खेळणं जमिनीवर ठेवलं तर मान खाली जाते, म्हणून उलटी टोपली समोर, तिच्यावर छातीच्या उंचीला. कमरेचे हात सोडले तर बाळ दोन आठवड्यांत पाच सेकंद बसायला लागलं, पाच आठवड्यांत अर्धं मिनिट.

मोज्याचा उपाय थेरपिस्टनं सहाव्या आठवड्यात आणला. चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि कमजोर हाताला खेळू द्यायचं. लहान बाळांसाठी याची जी पद्धत बसवली गेली आहे, तिच्यात रोज ३० मिनिटं, आठवड्यातले ६ दिवस, ६ आठवडे, मग ६ आठवडे सुट्टी आणि पुन्हा ६ आठवडे असं चक्र असतं. मोजा दोरीनं बांधायचा नाही. झोपेत, भुकेत, किंवा बाळ खाटेच्या टोकाला बसलेलं असताना घालायचा नाही. मोठं माणूस समोर हवं, कारण पडताना बाळाला तोच हात टेकायचा असतो.

आठवड्याभरात हा बेत फसला. बाळ मोजा दातांनी ओढायचं आणि रडायचं. आजी म्हणाल्या, “चांगला हात बांधून पोराला छळायचं कशाला?” फोनवर काढलेल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत कारण दिसलं. समोर छोटे गुळगुळीत ठोकळे होते. मिटलेल्या मुठीला ते धरता येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे दहातल्या दहा वेळा अपयश, मग बाळ का खेळेल? ठोकळे काढून रिकामी हलकी बाटली ठेवली, झाकण घट्ट, ढकलली तरी आवाज होणारी. मग चुरगळलेला मोठा कागद, मग गळ्याला कापडाची पट्टी बांधलेला डबा, म्हणजे एक बोट अडकलं तरी ओढला जाईल. अंदाज असा ठेवावा, की दहातल्या सहासात वेळा जमेल इतकं सोपं. सगळं जमलं तर कंटाळा येतो, काहीच नाही जमलं तर रडणं. अर्धा तास एकदम न करता दहा मिनिटांचे तीन तुकडे केले, झोप आणि दूध झाल्यावर. आजींचा विरोध थेरपिस्टच्या समजावण्यानं गेला नाही. बाटली पहिल्यांदा उजव्या हातानं गडगडली, तेव्हा तो गेला.

बहिणीबद्दल नीट ठरवावं लागलं. लहान मूल लहान मुलाकडून पटकन शिकतं, पण आठ वर्षांच्या पोरीला थेरपिस्ट करू नये. तिचं काम एकच: उजव्या बाजूला बसून खेळणं आणि तिकडूनच हाक मारणं. उचलणं, मोजा, भरवणं हे मोठ्यांचं. शाळा बुडवून तर काहीच नाही.

मध्येच कुणीतरी जुना वॉकर आणून दिला. वॉकरमध्ये बाळ बोटांवर ढकलत राहतं, आणि हिचा उजवा पाय आधीच बोटांवर होता. शिवाय पायरीवरून किंवा गरम भांड्याजवळ घसरून जाण्याचा धोका, ज्यासाठी कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. भेट परत करायला आईला अवघड वाटलं. वॉकर उलटा करून त्यावर कपडे वाळत घालायचं ठरलं, आणि कुणाचं मन मोडलं नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवली होती: झोपेतून उठल्यावर ओळीनं दचकल्यासारखे झटके, मान आणि हात एकदम पुढे येणं, किंवा आधी जमत असलेली गोष्ट बंद होणं. असं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता व्हिडिओ काढून त्याच दिवशी डॉक्टर. तिथे मजुरीचा हिशेब करायचा नाही.

डॉक्टरांनी उजव्या बाजूची सेरेब्रल पाल्सी असल्याचं सांगितलं, तेव्हा बाळ तेरा महिन्यांचं होतं. आई रडली, पण तोवर तिच्या हाताशी पाच आठवड्यांची बसण्याची प्रगती होती, त्यामुळे ऐकण्यात फरक पडला. शब्दाचा अर्थ दोनदा सांगावा लागला: ही मेंदूची इजा वाढत जात नाही, पण वाढत्या अंगात स्नायू आखडू शकतात, म्हणून नजर ठेवायची. ‘बुद्धी कमी’ असा तिचा अर्थ नाही.

पंधराव्या महिन्यात बाळ आधाराशिवाय बसून दोन्ही हातांनी डबा धरतं. उजवा हात अजून मदतनीसच आहे. कामात बरोबरी होणार नाही, हे आईला आधीच सांगितलेलं आहे. “चालेल का?” या प्रश्नाला आता उत्तर देता येतं: एकाच बाजूला त्रास असलेली बहुतेक मुलं चालतात, काही उशिरा. पुढच्या भेटींत उजवी टाच जमिनीला टेकते का आणि हातानं वर ढकललं तर पाऊल घोट्यात काटकोनाच्या वर येतं का हे बघायचं. येत नसेल तर स्प्लिंटसाठी, म्हणजे पाऊल नीट धरून ठेवणाऱ्या आधारासाठी, माप. आणि चालायला लागली की तिच्या जुन्या चपला फेकून न देता जपून ठेवायच्या. उजवीचं टोक आधी झिजलेलं दिसलं, तर त्या घेऊन यायचं.