कंटेनरला घाम का येतो?

प्रश्न : डिसेंबरात तुर्भ्याहून हळकुंडांची पोती २० फुटी कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवामार्गे जर्मनीला पाठवली. सील शाबूत होतं, पत्र्याला भोक नव्हतं, तरी वरच्या थरातली पोती ओली आणि बुरशी लागलेली निघाली. पाणी शिरलं कुठून?

उत्तर : हे पाणी मालातलंच. बोट थंड हवेत गेली की छताचा पत्रा आधी गार पडतो. आतली दमट हवा त्याला लागून दवासारखे थेंब धरतात आणि वरच्या पोत्यांवर टपकतात. धंद्यात यालाच कंटेनरला घाम येणं म्हणतात.

थोडा हिशोब बघा. २० फुटी कंटेनरची पोकळी ३३ घनमीटर. ३० अंशांची, ८० टक्के दमट हवा २० अंशांवर आली तर घनमीटरमागे साधारण ७ ग्रॅम पाणी सुटतं, म्हणजे रिकाम्या कंटेनरमध्येही पाव लिटरच्या आत. उलट १० टक्के ओलाव्याच्या १५ टन हळदीत दीड हजार लिटर पाणी असतं! ओलावा १२ टक्के असेल तर आणखी ३०० लिटर. म्हणून भरण्याआधी प्रत्येक लॉटमधली चार-पाच पोती मीटरने तपासाच, आणि १० टक्क्यांवरचा माल परत उन्हात घाला.

लाकडी पॅलेटवर (पोती रचायच्या चौकटीवर) ‘एचटी’ म्हणजे ‘हीट ट्रीटमेंट’चा शिक्का आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याने कीड मरते, लाकूड वाळेलच असं नाही. पॅलेट आणि कंटेनरची प्लायवूडची जमीन, दोन्हींत मीटर टोचून बघा. १८ टक्क्यांवर आकडा गेला तर बदलून मागा. धुऊन आलेला कंटेनर वरून कोरडा दिसतो, पण जमिनीने पाणी धरलेलं असतं.

बाजूंना क्राफ्ट पेपर लावा, ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या भिंतींच्या वरच्या कड्यांना टांगा. मात्र ओल्या मालापुढे या पिशव्यांचा टिकाव लागत नाही.

प्रश्न : २० फुटीत १५ टन, मग ४० फुटीत ३० टन भरावे का?

उत्तर : नाही. जागा दुप्पट मिळते, वजनाची मर्यादा नाही. एकूण वजन दोन्हींना बहुधा ३०,४८० किलोच असतं आणि ४० फुटीचं स्वतःचंच पावणेचार टनांच्या आसपास भरतं. दारावरची पाटी वाचा, ट्रेलरची रस्त्यावरची मर्यादाही विचारा. हळदीसारख्या जड मालाला २० फुटीच घ्या.