कॉइल चुंबकाला आडवी का येते?

प्रश्न : मुलगी यंदा दहावीत आहे. चुंबक कॉइलमध्ये (तारेच्या गुंडाळीत) सरकवला की गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे बारीकशी वीजही दाखवणाऱ्या मीटरचा, काटा एका बाजूला जातो, बाहेर काढला की दुसऱ्या बाजूला, आणि आत तसाच धरून ठेवला तर शून्यावर येतो, हे तिला पाठ आहे. पण ‘कुठल्या दिशेनं वाहायचं हे विजेला कोण सांगतं?’ असं तिनं विचारलं आणि मी निरुत्तर झाले. – एक पालक, कोथरूड

उत्तर : ताई, लेकीनं नेमकं मर्मावर बोट ठेवलंय. मी मोटार रिवाइंडिंग शिकवते. विजेची दिशा सांगणाऱ्या फ्लेमिंगच्या नियमासाठी उजव्या हाताची बोटं कशी ताणायची, हे माझ्या वर्गात सगळ्यांना येतं. दिशा तीच का, असं विचारलं की माना खाली जातात. माझ्या मते शिकवताना हे ‘का’ आधी यायला हवं, बोटं नंतर.

नुसता चुंबक जवळ असून भागत नाही. कॉइलमधून जाणाऱ्या बलरेषा (चुंबकाचा प्रभाव दाखवणाऱ्या काल्पनिक रेषा) वाढल्या किंवा घटल्या, तरच तिच्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं १८३१ साली लंडनमध्ये एका लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी जोडताना दुसरीजवळची चुंबकसूची हलली, बॅटरी काढताना उलट हलली; मधल्या वेळात ढिम्म.

दिशेचा नियम हाइनरिख लेन्झनं १८३४ मध्ये मांडला : प्रवर्तित धारा, म्हणजे कॉइलमध्ये अशी निर्माण झालेली वीज, ज्या बदलामुळे निर्माण होते, त्याच बदलाला ती विरोध करते. यातला ‘बदल’ महत्त्वाचा. उत्तर ध्रुव जवळ आणलात, तर कॉइलचं त्या बाजूचं तोंड उत्तर ध्रुव बनून त्याला मागे रेटतं. तोच ध्रुव दूर न्यायला लागलात, की ते तोंड दक्षिण ध्रुव होतं आणि त्याला ओढून धरतं. चुंबकाच्या बाजूनं कॉइलकडे पाहिलं, तर पहिल्या वेळी धारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, दुसऱ्या वेळी काट्यांच्या दिशेनं.

समजा, याच्या उलट घडलं असतं. कॉइलनं येणाऱ्या चुंबकाला आत खेचलं असतं, त्याचा वेग वाढला असता, त्यामुळे धारा वाढली असती, मग ओढ आणखी वाढली असती. एकदा टिचकी मारली की जन्मभर फुकट वीज! ऊर्जा अशी शून्यातून येत नाही, म्हणून दिशा ठरलेली. सायकलचा डायनॅमो दिवा पेटवतो तेव्हा पॅडल जड होतं, त्यात घर्षणाबरोबर हाही विरोध असतोच. दिव्याचा उजेड पायांच्या कष्टातून येतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्याच्या बोहरी आळीतून हातभर लांबीचा, जाड भिंतीचा तांब्याचा पाइप घ्या आणि त्यात जेमतेम सैल बसेल असा निओडायमियम चुंबक (फार ताकदीचा असतो) मिळवा. तो तांब्याला चिकटत नाही, हे मुलीला आधी दाखवा. मग पाइप उभा धरून चुंबक वरून सोडा आणि आत डोकावा. धपकन पडण्याऐवजी तो सावकाश उतरताना दिसेल. त्याच्या खालच्या आणि वरच्या भिंतीत विजेची वर्तुळं परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असतात; खालचं त्याला वर रेटतं, वरचं मागे ओढतं. तरी तो अधांतरी थांबत नाही, कारण थांबला की बदल संपला, वीज संपली, आधारही गेला! त्यामुळे तो जवळपास एकाच वेगानं उतरत राहतो आणि पाइप किंचित तापतो. पाइप उभा चिरलेला असेल, तर वर्तुळं तुटतात आणि चुंबक बराच लवकर खाली येतो.

प्रात्यक्षिकासाठी एक सांगते. काटा डावीकडे जाईल की उजवीकडे, हे कॉइलचा वेढा कुठल्या दिशेचा आहे आणि तिची कुठली तार मीटरच्या कुठल्या टोकाला जोडली आहे, यावरही ठरतं. तारांची अदलाबदल केली की काटा उलटा जातो. तेव्हा सेल आणि त्याच्याबरोबर मालिकेत (एकापुढे एक) मोठा रोध (रेझिस्टर) लावून, कुठल्या टोकातून धारा आत शिरली की काटा कुठे जातो, हे आधी बघून ठेवायला सांगा. सेल मीटरला थेट मात्र जोडू नये, मीटर बिघडतो.