वाचकांचे प्रश्न: मऊ शिसं आणि खिळ्यांचा धातू

प्र. छंद म्हणून हातसाच्यात देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, ओततो. जुन्या नळांचं पाच किलो शिसं आहे. खिळे सुरेख निघतात, पण वीस-पंचवीस छापांत अक्षराच्या कडा दबतात. शिसं कठीण कसं करायचं?

उ. नळाचं शिसं जवळजवळ शुद्ध असतं. ब्रिनेल मापावर त्याचा कठीणपणा 5 च्या आसपास, तर लिनोटाइपच्या (छपाईच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूचा 22 च्या आसपास. हा फरक घडवते ती मुख्यतः अँटिमनी, शिशात मिसळायचा एक ठिसूळ धातू. लिनोटाइपचं मिश्रण म्हणजे 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील. गंमत अशी, की शुद्ध शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं आणि हे मिश्रण 240 च्या सुमारास. म्हणजे धातू कठीण होतो आणि ओतायलाही सोपा जातो.

तुटके, झिजलेले खिळे मिळाले तर तोच सर्वांत सोपा मार्ग. फाउंड्रीच्या, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या, चांगल्या खिळ्यांत साधारण 24 टक्के अँटिमनी आणि 12 टक्के कथील असतं. त्यांत तेवढंच मऊ शिसं मिसळलं, की 12 आणि 6 टक्क्यांचं मिश्रण तयार. खिळे नेमके कुठले हे माहीत नसेल, तर आधी थोडाच घाणा करून पाहा.

खिळे नसतील तर 30 टक्के अँटिमनी असलेलं शिसं विकत घ्या. तुमच्या 5 किलोला ते 3 किलो 570 ग्रॅम आणि कथील 357 ग्रॅम लागेल. शुद्ध अँटिमनीच्या वाटेला घरी जाऊ नका. ती 631 अंशांना वितळते. शिशाच्या रसात हळूहळू विरघळते खरी, पण घाई करून आच वाढवली की धूर वाढतो आणि तो विषारी असतो.

आधी मऊ शिसं वितळवा, मग अँटिमनीचं शिसं घाला आणि 400 अंशांच्या आसपास ठेवून तळापासून ढवळा. आच उतरवून शेवटी कथील घाला. आधी घातलेलं कथील जास्त आचेवर जळून मळीत, म्हणजे रसावर साचणाऱ्या कचऱ्यात, जातं. वाटाण्याएवढं मेण टाकून पुन्हा ढवळा. मेण पेट घेईल, तेव्हा तोंड लांब ठेवा. वर काळी, कोरडी भुकटी आली की तीच काढायची.

प्र. मळी काढली तरी वर राखाडी लगदा येतच राहतो. तो काढत गेलो आणि धातू पुन्हा मऊ झाला!

उ. तुम्ही कठीण भागच फेकून दिलात. रस थंड व्हायला लागला की अँटिमनीने भरलेले स्फटिक आधी गोठतात आणि हलके असल्याने वर तरंगतात. ओल्या वाळूसारखा दिसणारा लगदा म्हणजे मळी नव्हे. आच थोडी वाढवा, मेण टाका, पळीने दाबून ढवळा, तो परत रसात जाईल. काढून ठेवलेला लगदा टाकला नसेल तर तोही परत घाला.

आच वाढवूनही रस दलियासारखा रबरबीत राहत असेल तर जस्ताचा संशय घ्या. जस्त अगदी थोडं शिरलं तरी रस साच्याच्या कोपऱ्यांत जात नाही. भंगारातलं शिसं पहिल्यांदा वितळवताना आच 350 अंशांखाली ठेवा. जस्त 419 ला वितळतं, त्यामुळे त्याचे तुकडे वर तरंगतात आणि चिमट्याने उचलता येतात.

प्र. वेलांटीचं बाहेर आलेलं टोक मोडतं. अँटिमनी वाढवू?

उ. नको. मोडणं हा ठिसूळपणा आहे आणि तो अँटिमनीमुळेच येतो. कथील 6 ते 8 टक्क्यांवर न्या, टोक चिवट होईल आणि रस बारीक रेषेतही शिरेल. मोडलेल्या जागी बारीक छिद्रं दिसली तर दोष मिश्रणाचा नाही, ओतण्याचा आहे. साचा गार होता किंवा रस ओतताना साच्याला द्यायचा हिसका उशिरा बसला. पहिले दहा-पंधरा खिळे साचा तापवण्यासाठीच ओतायचे आणि परत भांड्यात टाकायचे. हातसाच्यासाठी रस 320 अंशांच्या जवळपास ठेवा.

‘अँटिमनी गोठताना फुगते, म्हणून खिळा साचा भरून काढतो’ असं सर्रास ऐकायला मिळतं. शुद्ध अँटिमनी फुगते, हे खरं. खिळ्यांचा धातू मात्र आकसतोच, फक्त नुसत्या शिशापेक्षा कमी.

प्र. अमेरिकेत पिस्तुलाच्या गोळ्या घरी ओतणारे त्या गरम असतानाच पाण्यात टाकून कठीण करतात म्हणे. खिळ्यांना चालेल?

उ. थोडी अँटिमनी आणि किंचित आर्सेनिक असलेल्या शिशावर या युक्तीचा परिणाम होतो. नुसत्या शिशावर होत नाही. खिळ्यांच्या धातूला गरजच नाही आणि भट्टीशेजारी पाणी असणंच वाईट. एक थेंब रसाखाली सापडला तर वाफ होऊन भांडंभर धातू उडतो. नवे तुकडेसुद्धा कडेवर शेकून कोरडे करूनच सोडा.

प्र. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या वापरू?

उ. अजिबात नको. त्यांत आम्ल असतंच, शिवाय त्यांची मळी ओली झाली की आर्सेनिक आणि अँटिमनीचे अतिविषारी वायू सुटू शकतात.

एवीतेवी विषय निघालाच आहे, तर: भट्टी उघड्यावर, वारा पाठीमागून. भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. चहाआधी साबणाने हात, कपडे वेगळे धुवायचे, जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. घरात लहान मूल असेल तर हे काम घराबाहेर, दुसऱ्या जागी.