कोंबडी, ससा, बजरिगर: गेल्यानंतरची व्यवस्था

प्रश्न (पुणे): बंगल्याच्या परसात सहा कोंबड्या आहेत. त्यातली चार वर्षांची गिरिराज रात्रीतून खुराड्यात मेली. प्राण्यांच्या दहनवाहिनीत कोंबडी घेतात का? तोवर ठेवायची कुठे?

उत्तर: आधी उरलेल्या पाचांकडे बघा. एकच म्हातारी कोंबडी गेली असेल, बाकीच्या दाणे टिपत असतील आणि शिट नेहमीसारखी असेल, तर दहनाला हरकत नाही. पण दोन दिवसांत दोन-तीन पटापट गेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोकी सुजली, माना वाकड्या झाल्या किंवा हिरवट-पांढरी हगवण लागली, तर गोष्ट वेगळी. मानमोडी (राणीखेत) की बर्ड फ्लू, हे नुसते बघून डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. नमुना पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात आणि तिथून गरज पडल्यास भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. अशा वेळी मेलेला पक्षी गाडीत घालून कुठेही नेऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ ला फोन करा. जनावरांच्या साथरोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने हे कळवणे मालकावर बंधनकारक आहे. कळवायला लोक घाबरतात, पण हिशेब उलटा आहे: भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. २००६ मध्ये नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा तिथे आला. दोन्ही वेळा पोल्ट्री शेडबरोबर आजूबाजूच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या.

दहनवाहिन्या मुख्यतः कुत्र्या-मांजरांसाठी बांधलेल्या असतात. मुंबईत मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये पाइप गॅसवर चालणारी सुरू केली, तीही लहान पाळीव प्राण्यांसाठीच. पक्षी घेणे-न घेणे तिथल्या व्यवस्थेवर असते, म्हणून निघण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा: पक्षी घेता का, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो का, दहन एकट्याचे की इतरांबरोबर, आणि रक्षा परत मिळते का. दाखला बहुतेक ठिकाणी मागतात. तो डॉक्टर पक्षी बघूनच देतील, तेव्हा पुरायची किंवा न्यायची घाई त्याआधी नको.

ठेवण्याबद्दल. जिवंत कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१-४२ अंश असते आणि मेल्यावरही पिसे ती ऊब धरून ठेवतात. त्यामुळे कुत्र्यापेक्षा कोंबडी लवकर फुगते. एप्रिल-मेमध्ये सकाळी मेलेली दुपारपर्यंत वास मारू लागते. हातमोजे आणि मास्क घाला. अंग ताठरण्याआधी, म्हणजे पहिल्या तासाभरात, पंख मिटून मान पोटाशी वळवा. जुन्या सुती कापडात गुंडाळा, त्यावर दोन पिशव्या घाला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्यांबरोबर ठेवा. शवविच्छेदन करायचे असेल तर पिसे साबणाच्या गार पाण्यात मुळापर्यंत भिजवा (नुसते पाणी पिसांवरून ओघळून जाते) आणि मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, कारण गोठल्यावर बर्फाचे कण पेशी फोडतात आणि तपासणीत काही कळत नाही. नुसतेच दहन असेल तर फ्रीझर चालतो, पण गोठलेला पक्षी आणल्याचे तिथे सांगा, वेळ जास्त लागतो. दोन्ही वेळा त्या कप्प्यात खाण्याची वस्तू नको.

भट्टीत देताना प्लास्टिकच्या पिशव्या काढा, पायातली रिंग काढा, गळ्यातली घंटी काढा. नायलॉनची शाल नको. पीव्हीसी हे प्लास्टिक जळले की क्लोरीनमुळे विषारी धूर होतो. सुती कापड, झेंडूची फुले, मूठभर दाणे चालतात.

प्रश्न (ठाणे): बजरिगर या छोट्या पाळीव पोपटाच्या दहनानंतर आम्हाला जवळजवळ वाटीभर राख मिळाली. एवढी असते का?

उत्तर: नसते. दहनानंतर उरते ती हाडांतली खनिजे, वजनाच्या साधारण तीन-चार टक्के. बजरिगर तीस-चाळीस ग्रॅमचा, म्हणजे त्याची रक्षा एक-दीड ग्रॅम. चहाचा चमचाही भरणार नाही. दोन किलोच्या कोंबडीची साठ-ऐंशी ग्रॅम धरा. तिची पिसे जवळजवळ काहीच मागे ठेवत नाहीत, आणि पक्ष्यांची बरीच हाडे पोकळ असतात.

वाटीभर राख म्हणजे एकतर दहन इतर प्राण्यांबरोबर झाले, किंवा आधीच्या दहनानंतर भट्टीचा तळ झाडला नव्हता. फसवणूकच असेल असे नाही. एवढ्या लहान जिवाची राख बर्नरच्या झोताने उडून धुराड्यात जाते किंवा विटांच्या फटीत बसते, मग कामगार हाताला लागेल ते गोळा करून देतो. ज्यांना रक्षा हवी त्यांनी आधीच सांगावे: जाड स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, झाकण किंचित उघडे, आणि भट्टीत बर्नरपासून लांब. डबा तसाच बाहेर काढायचा. घरचा पातळ स्टीलचा डबा नेऊ नका, ८०० अंशांच्या वर तो वाकतो. ‘वेगळे दहन’ या शब्दांवर विसंबू नका. त्याचा अर्थ काही ठिकाणी एका वेळी एकच प्राणी, तर काही ठिकाणी एकाच भट्टीत विटांनी पाडलेले कप्पे असा असतो. कप्प्यांत थोडी सरमिसळ होतेच.

प्रश्न (सातारा): शेतात कोंबडीवर रॉकेल ओतून जाळली. पिसे आणि कातडी जळली, आत सगळे कच्चे राहिले. कुठे चुकले?

उत्तर: रॉकेल वरच्या वर जळून जाते. कोंबडीत निम्म्याहून अधिक पाणी असते, ते आटेपर्यंत आतले जळत नाही, आणि कोळसा झालेली कातडी उष्णता आत जाऊ देत नाही. स्वतःच्या शेतातच, वस्तीपासून लांब करायचे असेल, तर दोन किलोच्या पक्ष्याला पंधरा-वीस किलो वाळके सरपण लागते. दोन विटांवर मनगटाएवढी लाकडे आडवी-उभी रचा, खालून हवा खेळली पाहिजे. पक्षी वर नाही, रचनेच्या मध्यावर. रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूड नको. रोगाची शंका असेल तर हा प्रकार अजिबात नको: अर्धवट जळलेली पिसे वाऱ्यावर उडतात. शहरात उघड्यावर जाळू नका. पिसांतल्या गंधकाचा वास शेजाऱ्यांना लगेच कळतो आणि दंड वेगळा.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात ससा पुरला, तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी उकरला. चुना कमी पडला का?

उत्तर: खोली कमी पडली. जांभ्यात दीड-दोन फुटांवर पहार थांबते आणि खड्ड्यात पाणी साचते. अंगावर किमान तीन फूट माती हवी, विहिरीपासून शंभर फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. पाणी साचत असेल तर तिथे पुरू नका. गुंडाळायला प्लास्टिक नको, त्यात वर्षानुवर्षे काही कुजत नाही. भरलेल्या मातीवर एक चिरा ठेवा. चुन्याने शव लवकर विरते हा गैरसमज आहे. तो वास दाबतो आणि कुजणे उलट मंदावते. कळीचा चुना ओल्या मातीत उकळतो, डोळे जातील असा. एका सशासाठी त्याची गरज नाही.

सशाला इंजेक्शन देऊन मरण दिले असेल तर मात्र दहनच करा. ते औषध शवात टिकून राहते आणि उकरून खाणारा कुत्रा, घार किंवा कावळा त्याने मरू शकतो.

प्रश्न (निफाड): थंडीत हॅम्स्टर पहाटे गार पडलेला सापडला. दुपारी पुरायचा आहे.

उत्तर: थांबा. दहा अंशांच्या खाली हॅम्स्टर सुप्तावस्थेत जाऊ शकतो: अंग गार, श्वास मिनिटाला एखाद-दुसरा. तळहातात किंवा कोमट पाण्याच्या गुंडाळलेल्या बाटलीशेजारी तास-दोन तास ठेवा. मिशा हलतात का, अंग सैल आहे का ते बघा. मेलेला असेल तर अंग लाकडासारखे ताठ होईल आणि डोळ्यांची चमक जाईल. शंका असेल तर डॉक्टरांकडे न्या, पण चटकन गरम करू नका, हेअर ड्रायर तर नकोच.

प्रश्न (नागपूर): पंधरा वर्षांचा पोपट गेला. दाखल्याला डॉक्टर ‘जात कोणती’ विचारतात.

उत्तर: हिरवा, लाल चोचीचा आपला देशी पोपट असेल तर तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, पाळणेच बेकायदा. वनविभागाला विचारल्याशिवाय त्याची विल्हेवाट लावू नका आणि पिसे आठवण म्हणून ठेवू नका. बजरिगर आणि कॉकॅटिएलना ही अडचण नाही. आफ्रिकन ग्रेसारखा परदेशी असेल तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद असायला हवी आणि मृत्यूही तिथेच कळवायचा. दाखल्यावर जात आणि पायातल्या रिंगचा क्रमांक लिहून घ्या. रिंग काढण्याआधी फोटो काढा, दहनानंतर क्रमांक वाचता येत नाही.