वडिलांची १९४२ची विलीज जीप विकायची आहे. रंगवून, इंजिन चालू करून विकू की आहे तशीच?

आहे तशीच विका. रंगाला तर हातही लावू नका.

पुढच्या जाळीला उभ्या लोखंडी पट्ट्या जोडलेल्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी सरसावूनच बसलो. विलीजच्या सुरुवातीच्या साधारण २५ हजार एमबी (युद्धातल्या लष्करी मॉडेलच्या) जीपनाच तशी वेल्ड केलेली जाळी होती. त्यानंतर पत्रा दाबून काढलेली नऊ फटींची जाळी आली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप निघाल्या. त्यात तुमची कुठे बसते ते यावरून कळेल.

मी ही चूक केलेली आहे म्हणून इतकं कळकळीने सांगतोय. माझी फोर्डची जीपीडब्ल्यू होती, म्हणजे हीच जीप, पण फोर्डने बनवलेली. विकण्याआधी बरी दिसावी म्हणून पत्रा घासून घेतला, लांबी भरली, हिरवा रंग मारला, गंजलेले बोल्ट काढून नवे बसवले. बघायला आलेल्या गृहस्थांनी खाली वाकून एकेका बोल्टच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जुने कुठे आहेत?" फोर्ड आपल्या बोल्टवरसुद्धा छोटा एफ उमटवायची. ते सगळे मी भंगारात दिले होते. बॉनेटवर रंगाच्या थरांखाली सैन्याचा मूळ क्रमांक सापडतो, तोही घासण्यात गेला. ते गाडी न घेताच परतले.

इंजिन जाम असेल तर ढकलून, ओढून चालू करायच्या फंदात पडू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हँडलने हलक्या हाताने फिरवून बघा. फिरलं तर तसं सांगा, नाही फिरलं तर तेही सांगा. जीर्णोद्धार करणारा माणूस इंजिन उघडणारच असतो.

गंज मात्र अजिबात लपवू नका. या जीपच्या फ्लोअरखाली आधाराच्या पन्हाळी असतात आणि त्यांच्या आत लाकूड भरलेलं असतं. ते ओल धरतं आणि पत्रा आतून खातं. वरून फ्लोअर धड दिसला तरी खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा आणि जिथे तो आत जाईल तिथलेच जवळून फोटो काढा. नवी बॉडी बनवून मिळते, पण मूळ क्रमांकाची चासी मिळत नाही, हे जाणकार गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं. मालकीची कागदपत्रं आणि त्यांवरचे क्रमांक गाडीशी जुळवून ठेवा. सुटा निघालेला प्रत्येक तुकडा, अगदी तुटका बिजागरसुद्धा, डब्यात भरून गाडीबरोबरच द्या.

फक्त जाळी किंवा चाकं मागणारे लोक आधी येतील आणि पैसेही लगेच काढतील. त्यांना देऊ नका, एकदा सुटे भाग गेले की ती गाडी पुन्हा उभी राहत नाही. पूर्ण गाडी नेणारा उशिरा येईल, थांबा त्याच्यासाठी.

आणि किंमत ठरवण्याआधी एक बघा. डाव्या बाजूला, पुढच्या बंपरच्या मागे, चासीच्या आतल्या अंगाला रिव्हेट मारलेली क्रमांकाची छोटी पट्टी असते. चिखल साचला असेल तर मऊ ब्रशने झाडा, तारेच्या ब्रशने नको. तिथेच दोन्ही बाजू जोडणारी पुढची आडवी पट्टी गोल नळीची आहे ना, तेही पाहून घ्या. गोल म्हणजे विलीजची चासी, उलट्या यू आकाराची म्हणजे फोर्डची.